तुराट्या-पऱ्हाट्यांच्या कोळशाने पाणी शुद्धीकरण : काय साधते, काय नाही

शेतातील टाकाऊ काडीकचऱ्यापासून कोळसा तयार करून त्याने दूषित पाणी स्वच्छ करता येते, हे आता अनेक शेतकऱ्यांच्या कानावर आले आहे. ते खरे आहे, पण अर्धेच. हा कोळसा काही पदार्थ घट्ट पकडून ठेवतो, तर काहींना हातही लावत नाही. वाशीम जिल्ह्यातील विहिरी आणि बोअरच्या पाण्यात ज्या घटकाची काळजी सर्वाधिक घ्यावी लागते, तो नायट्रेट दुसऱ्या गटात मोडतो. त्यामुळे कोळशाचा थर विहिरीच्या पाण्याला लावण्याआधी तो गोठ्याला आणि फवारणी पंप धुण्याच्या जागेला लावणे जास्त शहाणपणाचे आहे. असे का, ते या लेखात सविस्तर दिले आहे.

अधिशोषण म्हणजे काय

स्पंज पाणी पितो तेव्हा पाणी त्याच्या आत भरते, हे शोषण. अधिशोषणात पाण्यात विरघळलेला पदार्थ घन वस्तूच्या पृष्ठभागाला चिकटून राहतो आणि पाणी पुढे निघून जाते. म्हणून अधिशोषकाचे वजन नव्हे, तर त्याचा पृष्ठभाग महत्त्वाचा. लाकूड किंवा काडी कमी हवेत तापवली की त्यातील ओलावा, वायू आणि डांबरासारखे पदार्थ निघून जातात आणि मागे सूक्ष्म छिद्रांनी भरलेला सांगाडा उरतो. बाजारात मिळणाऱ्या चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममध्ये ५०० ते १५०० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. शेतावर तयार केलेल्या साध्या कोळशात तो बराच कमी असतो. सक्रिय कोळसा करताना तयार कोळशावर ८०० ते ९०० अंश सेल्सिअसला वाफ सोडतात किंवा कच्चा माल आधी फॉस्फोरिक आम्लासारख्या रसायनात भिजवतात. हे काम कारखान्याचे आहे. आम्ल किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरून घरी ‘ॲक्टिव्हेटेड’ कोळसा करण्याचे व्हिडिओ फिरत असतात, त्यांच्या नादी लागू नये. हातापायाला इजा होतेच, शिवाय नीट न धुतलेले रसायन पाण्यातच उतरते.

कोळशाला काय चिकटते? रंग, वास, क्लोरीन आणि पाण्यात सहजासहजी न विरघळणारे सेंद्रिय पदार्थ, म्हणजे बरीचशी कीडनाशके, चांगली चिकटतात. अमोनियम, शिसे, तांबे असे धन भाराचे घटक मध्यम प्रमाणात पकडले जातात, कारण कोळशाच्या पृष्ठभागावर बहुधा ऋण भार असतो. नायट्रेट आणि फ्लोराइड हे स्वतःच ऋण भाराचे आहेत, म्हणून साधा कोळसा त्यांना दूर सारतो. पाण्याचा जडपणा आणि एकूण क्षार हेही कोळशाने कमी होत नाहीत. लिंबू-संत्र्याच्या साली, चहाचा चोथा, भुईमुगाची टरफले, भाताचे तूस अशा कितीतरी टाकाऊ वस्तूंवर संशोधन प्रसिद्ध झाले आहे आणि त्यात एका ग्रॅमला शेकडो मिलिग्रॅम पदार्थ पकडल्याचे आकडे दिसतात. हे आकडे वाचताना विस्तार कार्यकर्त्यांनी एक गोष्ट तपासावी : चाचणीच्या पाण्यात सुरुवातीला तो पदार्थ किती होता? प्रयोगशाळेत लिटरला १०० ते ५०० मि.ग्रॅ. रंग घालून चाचणी घेतली जाते. शेतावरच्या पाण्यात कीडनाशकाचे प्रमाण त्याच्या हजारो पटींनी कमी असू शकते आणि प्रमाण कमी झाले की पकडही कमी होते. त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे गावात लागू पडत नाहीत.

विहिरीतील नायट्रेट : कोळशाची मर्यादा

वाशीम जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर वसलेला आहे. काळी जमीन, तिच्याखाली मुरूम आणि मग भेगाळलेला खडक. मुरूम आणि भेगांतून पाणी लवकर खाली उतरते, आणि त्याच्यासोबत नायट्रेटही उतरते. गावठाणातील विहिरीत ते येते उकिरड्यांतून, गोठ्यातील मूत्रातून, शौचालयांच्या शोषखड्ड्यांतून. शिवारातील विहिरीत त्यात युरियाची भर पडते.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मि.ग्रॅ. आहे आणि दुसरा पर्यायी स्रोत नसला तरी त्यात सूट दिलेली नाही. सहा महिन्यांखालील बाळाला वरचे दूध अशा पाण्यात कालवून दिले, तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता कमी होऊन बाळ निळसर पडू शकते. आईचे दूध पिणाऱ्या बाळाला हा धोका नसतो. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट वाफ निघून गेल्यावर त्याचे प्रमाण थोडे वाढते. आशा कार्यकर्तींनी हा मुद्दा घरोघरी आवर्जून सांगावा, कारण ‘बाळासाठी पाणी उकळून घ्या’ हा एरवी योग्य असलेला सल्ला इथे पुरेसा पडत नाही. तुरटी, कोळसा, वाळू यांचाही नायट्रेटवर उपयोग नाही. आरओ यंत्र किंवा नायट्रेट पकडणारी खास रेझिन यांनी ते कमी होते. नाहीतर त्या बाळापुरते तरी दुसऱ्या सुरक्षित स्रोताचे पाणी आणावे.

पाण्याचा अहवाल वाचताना एक घोटाळा नेहमी होतो. काही प्रयोगशाळा आकडा ‘नायट्रेट’ म्हणून देतात, तर काही ‘नायट्रेट-नायट्रोजन’ म्हणून. दुसरा आकडा ४.४३ ने गुणावा लागतो. अहवालात नायट्रेट-नायट्रोजन १२ असेल तर ते नायट्रेट सुमारे ५३ झाले, म्हणजे मर्यादेच्या वर. केवळ १२ पाहून निश्चिंत राहू नये. तपासणीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना देता येतो. जलजीवन मिशनमध्ये ग्रामपंचायतींना दिलेल्या क्षेत्रीय तपासणी संचातूनही प्राथमिक अंदाज येतो.

मग कोळशाचा संबंध कुठे येतो? नायट्रेट हा शेवटचा टप्पा आहे. मूत्रातील युरिया आधी अमोनियम होतो, नंतर जमिनीतील जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. अमोनियम धन भाराचा असल्याने कोळसा त्याला धरू शकतो. म्हणजे पकडायचे तर गोठ्यात पकडावे. विहिरीत पोचल्यावर उशीर झालेला असतो.

कोणता काडीकचरा घ्यावा

सोयाबीन हे जिल्ह्याचे मुख्य खरीप पीक असले तरी त्याचे कुटार कोळशासाठी वापरू नये. ते जनावरांच्या उपयोगी पडते आणि बारीक असल्याने त्याची राखच जास्त होते. कोळशासाठी तुराट्या आणि पऱ्हाट्या उत्तम. दोन्ही लाकडी आहेत, दरवर्षी निघतात, आणि त्यातला मोठा भाग बांधावर पेटवून दिला जातो. पऱ्हाटीच्या बाबतीत आणखी एक फायदा आहे. गुलाबी बोंड अळीच्या सुप्त अवस्था पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत आणि सरकीत दडून बसतात. हंगाम संपताच पऱ्हाटी उपटून तिचा कोळसा केला, तर पुढच्या हंगामासाठी अळीचा एक आसरा कमी होतो. बांधावर किंवा घरामागे पावसाळ्यापर्यंत रचून ठेवलेली पऱ्हाटी हा फायदा घालवते. मक्याची रिकामी कणसे आणि बाभळीच्या फांद्याही चालतात. रंग दिलेले लाकूड, प्लायवूड, ठिबकच्या नळ्यांचे तुकडे किंवा खताच्या गोण्यांचे धागे अजिबात जाऊ देऊ नयेत.

खड्डा पद्धतीने कोळसा तयार करणे

हैदराबाद येथील केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने (क्रिडा) पऱ्हाटी, तुराटी, एरंडी आणि मका यांच्या अवशेषांपासून बायोचार करण्यासाठी लोखंडी ड्रमची भट्टी विकसित केली आहे. कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा गटाच्या पातळीवर ती चांगली. एकट्या शेतकऱ्याला मात्र खड्डा पद्धत सोपी आणि बिनखर्चाची पडते.

घट्ट मुरमाच्या जागी, गंजी आणि गोठ्यापासून दूर, वर ५ फूट व तळाला २ फूट रुंद आणि अडीच फूट खोल असा उतरत्या काठांचा गोल खड्डा घ्यावा. काडी चांगली वाळलेली असावी. वाकवल्यावर कडाडून मोडली पाहिजे. ओली काडी धूर करते आणि वेळ खाते. हाताच्या अंगठ्यापेक्षा जाड बुडखे चिरून घ्यावेत.

तळाला बारीक काड्यांचा ढीग करून तो वरून पेटवावा. निखारे झाले की काड्यांचा एक पातळ थर टाकावा. थर पेटतो, ज्वाळा उठते, आणि ती ज्वाळाच वरची हवा वापरून टाकते. त्यामुळे खालच्या निखाऱ्यांना हवा मिळत नाही आणि त्यांची राख न होता कोळसा राहतो. सगळे कौशल्य पुढचा थर केव्हा टाकायचा यात आहे. वरच्या काड्यांवर पांढरी राख धरू लागली की लगेच पुढचा थर टाकावा. त्याआधी टाकला तर ज्वाळा दबून धूर होतो, उशीर केला तर कोळसा जळतो. धूर दिसला की आपण घाई केली असे समजावे. तीन-चार तासांत खड्डा भरत येतो. शेवटचा थर पेटून ज्वाळा बसू लागल्या की २०० ते ३०० लिटर पाणी काठाकाठाने ओतून सर्व विझवावे. पाण्याची अडचण असेल तर ओलसर मातीचा जाड थर देऊन कुठेही वाफ निघणार नाही असे बंद करावे आणि दुसऱ्या दिवशी उघडावे. अर्धवट विझलेला कोळसा पोत्यात भरून घरात ठेवल्याने आग लागू शकते. शिवाय बंद खोलीत धुमसणाऱ्या कोळशाचा वायू जीवघेणा असतो. त्यामुळे विझलेला कोळसा एक रात्र उघड्यावर पसरूनच ठेवावा.

१०० किलो वाळलेल्या काडीतून साधारण २० ते २५ किलो कोळसा मिळतो. ३५ किलोच्या वर कोळसा मिळाल्याचे कोणी सांगितले, तर तो अर्धा कच्चा आहे किंवा ओला तोलला आहे. चांगला कोळसा हलका असतो, चुरडताना कुरकुरतो आणि हाताला लागलेला काळा डाग साध्या पाण्याने निघतो. बोटांना तेलकट, धुरकट वास राहिला तर त्यात डांबर शिल्लक आहे. असा कोळसा पाण्यासाठी वापरू नये.

धुणे आणि चाळणे

कोळसा पोत्यात घालून धोपटावा आणि चाळून ज्वारीच्या दाण्यापासून तुरीच्या दाण्यापर्यंतचा आकार पाण्याच्या गाळणीसाठी वेगळा काढावा. खालची भुकटी गाळणीत भरली तर ती घट्ट बसते आणि पाणी अडते. ती गोठ्यासाठी वापरावी. गाळणीसाठी घेतलेला कोळसा पाण्यात भिजवून तीन-चार वेळा धुवावा. पहिले पाणी राखेमुळे खारट आणि विम्ल असते, सामू ९ च्या पुढेही जातो. आपल्या काळ्या जमिनी आधीच विम्लधर्मी असल्याने हे धुवण पिकांना देऊ नये.

गोठ्यातील वापर

एक मोठे जनावर दिवसाला साधारण ८ ते १० लिटर मूत्र टाकते आणि त्यात नत्र सुमारे १ टक्का असते. म्हणजे रोज ८० ते १०० ग्रॅम नत्र. एक किलो साधा कोळसा अधिशोषणाने फार तर काही ग्रॅम अमोनियम-नत्र धरतो. हिशेब जुळत नाही, हे उघड आहे. म्हणून केवळ कोळशाच्या जोरावर गोठ्याचे नत्र अडेल असे कोणी सांगत असेल तर ते अतिशयोक्त समजावे. कोळसा येथे दोन कामे करतो : आपल्या वजनाइतके किंवा त्याहून जास्त मूत्र भिजवून घेतो आणि अमोनियाचा उडून जाणारा भाग कमी करतो. बाकीचे काम उष्ट्या कुटाराने आणि छपराने करायचे आहे.

जनावराच्या मागच्या बाजूला मूत्र साचते तिथे जनावराने न खाल्लेल्या कुटारात भुकटी कोळसा मिसळून पसरावा. जनावरामागे रोज एक ते दोन किलो कोळसा पुरे. तो थोडा ओला करून टाकावा, नाहीतर धूळ जनावरांच्या नाकात जाते. ओले झालेले अंथरूण रोज काढून उकिरड्यावर टाकावे, आणि इथेच खरी गोम आहे. उकिरडा उघडा असेल तर जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात सगळे धुऊन मुरमात उतरते आणि वर्षभराची मेहनत वाया जाते. उकिरड्याच्या तळाला काळ्या मातीचा थर चोपून द्यावा, कडेने पाळ घालावी आणि पावसाळ्यात वर ताडपत्री टाकावी. विहीर किंवा हातपंपाच्या चढाच्या बाजूला उकिरडा असेल तर तो हलवणे हाच पहिला उपाय. कोळशाचा विचार नंतर.

सहा महिन्यांनी मिळणारे खत कोळशासह शेतात टाकता येते. कोळशाचा हा भाग शेतकऱ्याच्या थेट फायद्याचा आहे : विहिरीत गेले असते ते नत्र तुरीच्या किंवा हळदीच्या मुळाशी जाते.

फवारणी पंप धुण्याची जागा

२०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेनंतर हातमोजे, मास्क यांविषयी बरेच बोलले गेले. पंप धुतलेले पाणी कुठे जाते याकडे मात्र अजूनही फारसे लक्ष नाही. बहुतेक ठिकाणी पंप विहिरीच्या काठावरच भरला जातो आणि तिथेच धुतला जातो, कारण पाणी तिथे असते.

पहिला नियम कोळशाशिवायचा आहे. बाटली तीन वेळा विसळून ते पाणी पंपातच ओतावे आणि पंप धुतलेले पाणीही त्याच पिकावर फवारून टाकावे. त्यानंतर जे थोडे धुवण उरते त्यासाठी जैविक खड्डा करावा. स्वीडनमध्ये १९९० च्या दशकात सुरू झालेली ही पद्धत आता अनेक देशांत वापरली जाते. तिथे दोन भाग काडकचरा, एक भाग पीट आणि एक भाग माती असे मिश्रण दोन फुटांपर्यंत भरतात. पीट आपल्याकडे नसते. त्याऐवजी चांगले कुजलेले शेणखत घ्यावे. कुटार दोन भाग, शेणखत एक भाग, शेतातील वरची माती एक भाग, आणि एकूण मिश्रणाच्या दहाव्या हिश्श्याहून कमी कोळसा. जास्त कोळसा टाकावासा वाटतो, पण टाळावे. खड्ड्यातील जिवाणू औषधाचे विघटन करतात. कोळशाने औषध फार घट्ट धरले तर ते जिवाणूंच्या तावडीत सापडत नाही आणि नुसते साठत राहते.

खड्ड्याला जाड प्लास्टिकचे अस्तर द्यावे, वर छोटे छप्पर करावे आणि मिश्रण ओलसर ठेवावे, चिखल होऊ देऊ नये. जागा विहिरीपासून शक्य तितकी लांब आणि उताराच्या बाजूला असावी. दरवर्षी मिश्रण खाली बसते, तेव्हा वरून कुटाराची भर घालावी.

पिण्याच्या पाण्यासाठी

टाकाऊ पदार्थापासून पाण्याची गाळणी हा प्रयोग महाराष्ट्रात नवा नाही. पुण्यातील टाटा संशोधन विकास आणि आरेखन केंद्राने भाताच्या तुसाच्या राखेचा वापर करून ‘सुजल’ नावाची स्वस्त गाळणी तयार केली होती. त्याच कल्पनेवर पुढे २००९ मध्ये ‘टाटा स्वच्छ’ बाजारात आले. त्यात तुसाच्या राखेला चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची जोड द्यावी लागली, कारण नुसती राख किंवा कोळसा जंतू मारत नाही. उलट, महिनोन्‌महिने न बदललेल्या कोळशाच्या थरात जंतू वाढतात.

घरगुती कोळशाच्या गाळणीचा उपयोग पाण्याचा वास, रंग, चव सुधारण्यापुरता धरावा. पाणी आधी वाळूतून गाळावे, मग कोळशातून, आणि टीसीएल पावडर सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा झाला तर कोळसा क्लोरीन खाऊन टाकतो आणि पाणी पुन्हा असुरक्षित होते. ग्रामपंचायतीच्या नळाला येणारे क्लोरीनयुक्त पाणी कोळशातून गाळून ते दोन दिवस माठात साठवणेही म्हणूनच योग्य नाही.

पाणी कोळशात किमान १५ मिनिटे राहिले पाहिजे. कोळशाचा थर २० लिटर असेल तर तासाला ८० लिटरपेक्षा जास्त पाणी सोडू नये. म्हणजे तोटी अशी ठेवावी की एक लिटरची बाटली भरायला ४५ सेकंद लागतील. कोळसा संपला का, हे पाहण्यासाठी जलसुरक्षकाकडील ओटी द्रावण उपयोगी पडते. टीसीएल टाकलेले पाणी थरातून सोडून त्यात ओटीचे थेंब टाकावेत. पिवळा रंग आला तर कोळसा क्लोरीनही धरत नाही, तो बदलावा. रंग आला नाही म्हणजे कोळसा कीडनाशकासाठीही चांगला आहे, असे मात्र या चाचणीवरून म्हणता येत नाही. बाजारातून सक्रिय कोळसा घेताना विक्रेत्याला आयोडीन नंबर विचारावा. पाण्यासाठीच्या चांगल्या कोळशाचा तो ९०० च्या आसपास किंवा वर असतो.

फ्लोराइडसाठी हाडांचा कोळसा किंवा सक्रिय ॲल्युमिना लागते. नागपूरच्या ‘नीरी’ने विकसित केलेली तुरटी आणि चुन्याची नालगोंडा पद्धतही याच कामाची. यवतमाळमधील केळापूर, झरी जामणी भागात हा प्रश्न मोठा आहे. तुराटीचा कोळसा तिथे कामाचा नाही.

वापरलेल्या कोळशाचे काय करावे

गोठ्यातील कोळसा खताबरोबर शेतात जातो. सांडपाण्याच्या गाळणीतील कोळसा उकिरड्यात सहा महिने कुजवून फळझाडांना द्यावा, पालेभाज्यांना नको. जैविक खड्ड्यातील मिश्रण बदलायची वेळ आली तर ते छपराखाली वर्षभर कुजू द्यावे आणि नंतर बांधावरच्या झाडांपुरतेच वापरावे. बॅटरी, रंगकाम किंवा गॅरेजच्या पाण्यासाठी वापरलेला कोळसा शेतात कधीच टाकू नये. त्यातील शिसे कुजून नाहीसे होत नाही.

सोयाबीन उत्पादकांनी आणखी एक खबरदारी घ्यावी. ताजा कोळसा मिसळलेल्या जमिनीत पेरणीनंतर, उगवणीपूर्वी फवारायची पेंडीमिथॅलिनसारखी तणनाशके कमी परिणाम दाखवतात, कारण कोळसा पाण्यातून जसे औषध ओढतो तसे मातीतूनही ओढतो. तणनाशकाची मात्रा वाढवणे हा त्यावरचा उपाय नाही. कोळसायुक्त खत पेरणीच्या तोंडावर न टाकता रब्बीनंतरच्या नांगरटीत द्यावे, किंवा ज्या तुकड्यात निंदण-डवरणीवर भर आहे तिथे द्यावे. पहिल्या वर्षी अर्धा एकरच घ्यावा. आधी व नंतर मातीचा सामू आणि सेंद्रिय कर्ब करडा येथील कृषी विज्ञान केंद्रात किंवा जवळच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत तपासून घ्यावा, सामू ८.५ च्या वर असलेल्या जमिनीत हा कोळसा टाकू नये.